क्षमा मॅडमच्या हातातला नारळ

— नाय नाय साहेब, त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते — बसलात? बसलात पण? बरं, पडला नाय म्हंजे भाऊंनी खिळा ठोकला म्हणायचा. भाऊ म्हंजे इथला शिपाई, मॅडमनी आत्ता चहाला पिटाळला ना, तोच. आणि मॅडम, म्हंजे मुख्याध्यापिका, गेल्यात खालच्या मजल्यावर निधीला आणायला — येतील हळूहळू, गुडघे धरलेत बाईंचे. तोवर आपण दोघंच. मी निधीची आजी, माणिक. सातवी ब मधली निधी, जिच्या चौकशीला तुम्ही शिक्षण खात्यातून फाईल घेऊन आलात ना, तिच्या बापाची आई. आईबाप? येतायत की. म्हंजे — नाय येत. त्यांना सांगितलंच नाय. नंदू कुरियरवाला, दिवसभर स्कूटरवर, आणि सून श्वेता दवाखान्यात कामाला, तिनं सुट्टी मागितली की डॉक्टरलाच ताप येतो. म्हटलं कशाला उगीच? तुमच्या चिठ्ठीत लिहिलंय ना 'पालकांनी समक्ष हजर राहावे' — मग मी काय शेजारीण? चौथीपर्यंत शिकलेय मी साहेब, वाचता येतं मला सगळं. जोडाक्षरं सोडून.

आता पहिलं एक सांगते, मी तुमच्या कायद्याच्या विरोधात नाय हां. सरकारी शाळेत पोरांना मारायचं नाय, बाकावर उभं करायचं नाय, कोंबडा करायचा नाय — झकास केलंत. आमचे गुरुजी निरगुडीच्या फोकानं फोडायचे, फोक पण आम्हालाच तोडून आणायला सांगायचे! पण साहेब, तुम्ही छडी काढलीत आणि कागद आणलात. छडीचं काय, हात झटकला, फुंकर मारली, काखेत घातला, संपलं. कागद संपत नाय. एक ठपका, दोन ठपके, आणि तिसरा ठपका पडला की पोरगी उचलून सहा महिने सुधार वर्गात. आणि तो सुधार वर्ग ठेवलाय कुठं? माहुलला! अहो, कांदिवली कुठं, माहुल कुठं! मधे अख्खी मुंबई आडवी पडलीय. आईबाप दोघं कामावर, मी ही अशी — तिला रोज नेणार कोण? कोणच नाय. म्हंजे चार दिवस जाईल, पाचव्या दिवशी घरी बसेल, आणि एकदा घरी बसली की बसली. मुलीची शाळा कशी सुटते ते मला नका सांगू. माझी चौथीनंतरची शाळा नदीच्या पलीकडं होती. पाचवीची. होडी होती, होडीवाला पण होता, न्यायला माणूस नव्हता. झालं. एवढंच कारण. — असो, ते जाऊ दे, तुम्ही फाईल बंद करा, मी झालं काय ते सांगते. मॅडम यायच्या आत सांगते, कारण मॅडम सांगतात तेव्हा त्यात मजाच नसते.

कायदा चालू कधीचा झालाय, पण त्यातच म्हणे लिहिलंय, की तो शाळेत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. पोरं, आईबाप, आजीआजोबा, समदी मैदानात. भिंतीवर कायद्याचा फलक लावलेला आणि त्याच्यावर शाल. फलकावर शाल! त्याला काय थंडी वाजते? बरं. बेत असा, की मॅडमनी आधी कायदा वाचायचा, मग नारळ फोडायचा, मग शाल ओढायची. आता नारळ ठेवायचा ना टेबलावर? तर टेबलाचा पण पाय हलत होता, भाऊंचा खिळा तिथपर्यंत पोचला नव्हता. माईक लावला तर तो शिट्टी मारायला लागला — त्याला नाय कोण ठपका देत! म्हणून मॅडम तशाच उभ्या राहिल्या. एका हातात कायदा, दुसऱ्या हातात शेंडीवाला नारळ, मागे पिंपळ, आणि समोर आम्ही. आता आम्ही म्हंजे कोण, ते समजून घ्या. ह्या शाळेत येणारी अर्धी वस्ती मालवण, कणकवली, देवगड. बापजाद्यांनी गिरणीत जन्म काढला आणि मग इकडं येऊन राहिले. तुम्ही कुठले? — लातूरचे? अय्या, मग तुमची काय चूक! तुम्हाला गाऱ्हाणं ठाऊकच नसणार.

गाऱ्हाणं म्हंजे तक्रार नाय हो. तक्रार पुण्यात करतात. आमच्याकडं गाऱ्हाणं घालतात, देवासमोर. लग्न असो, जत्रा असो, नवीन रिक्षा घेतलेली असो — एक जाणता माणूस हातात नारळ घेऊन उभा राहतो आणि देवाला मोठ्यानं सगळं सांगतो, 'बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, कोणाचो पाय वाकडो पडलो आसात, कोण उलटां बोल्लो आसात, तर ता पोटात घाल आनि तेका सरळ वाटेर हाड रे म्हाराजा' — म्हंजे कोण चुकलं असेल, उलट बोललं असेल, तर पोटात घाल, सरळ वाटेवर आण — आणि तो दम घ्यायला थांबला, की बाकीच्यांनी काय म्हणायचं? 'व्हय म्हाराजा!' म्हणायचंच. ठरवून नाय म्हणत कोण. शिंक येते तसं येतं. आईच्या कडेवर असताना शिकतात पोरं, बोलायच्या आधी.

आता तुम्हीच सांगा. क्षमा मॅडम नारळ घेऊन उभ्या. घसा खाकरला. आणि काय वाचलं? 'ज्या कोणा विद्यार्थ्याने शिक्षकांस उलट उत्तर दिले असेल —' आणि दम घेतला. दम घेतला साहेब! हातात नारळ, मागे पिंपळ, आणि 'असेल'वर दम घेतला! कायदा लिहिणारा कोण हाय तुमच्यात? तो आमच्याकडचाच असणार, पैज लावते. पुढं म्हणाल्या, 'त्यास योग्य समज देऊन सन्मार्गावर आणण्यात यावे.' पण त्याच्या आधीच, त्या दमात, गर्दीत कोणीतरी म्हणालं, 'व्हय म्हाराजा.' बारीक आवाजात. कोणीतरी. गर्दीत काय कळतं कोण ते? पण एकानं म्हटलं की झालं ना! ते निधीच्या वर्गातल्या सर्वेशचे आजोबा, त्यांना धड ऐकू पण येत नाय, त्यांनी टोपी काढली, डोळे मिटले आणि हात जोडून — 'व्हऽऽय म्हाराजा!' पुढच्या वाक्याला अख्खं मैदान. 'जो कोणी शाळेच्या भिंती विद्रूप करील —' 'व्हय म्हाराजा!' 'जो कोणी मधल्या सुट्टीनंतर विनाकारण विलंब करील —' 'व्हय म्हाराजा!' एका बाईनं तर चपला काढून बाजूला ठेवल्या. आणि मॅडम! मॅडम नाशिकच्या, त्यांना वाटलं लोकांना कायदा पटला! त्या आणखी चढल्या, नारळ हलवून हलवून वाचायला लागल्या. साहेब, एवढी वर्षं सरकार कायदे करतंय, पण एकेका कलमाला माणसं डोळे मिटून हात जोडतायत असं कुठं बघितलंत तुम्ही? तुम्ही खरं तर शाळेला बक्षीस द्यायला पाहिजे.

वाट कुठं लागली ते सांगते. ते सर्वेशचे आजोबा. ते सरळ पुढं गेले, मॅडमच्या पायाशी वाकले आणि म्हणाले, 'बाई, माझ्या मोठ्या नातवाचं लग्न जमत नाय, तेवढं पण घाला त्यात.'

हसा, हसा की. मिशीखाली कशाला हसता?

तेव्हा मॅडमची ट्यूब पेटली. पोरं तर मातीत लोळत होती हसून. आणि सगळ्यात जोरात कोण हसत होतं? आमची निधी. तिचं हसू तसं हाय, चालू झालं की बंद व्हायला बटणच नाय. मॅडमनी विचारलं, 'कोणी सुरू केलं हे?' मॅडम म्हणाल्या, 'मी ऐकलंय, मुलीचा आवाज होता, बारीक, आणि ह्या बाजूनं आला.' आणि ह्या बाजूला निधी. बस, एवढाच पुरावा! नाव क्षमा, पण नावापलीकडं काय नाय. निधीला विचारलं, 'तू का?' तर ती म्हणाली, 'नाय.' 'मग कोण?' तर म्हणाली, 'नाय सांगणार.' त्या दिवसापासून तोंड शिवून बसलीय. आईला नाय सांगितलं, बापाला नाय सांगितलं. बापरे, काय पोरगी! मी असते ना, दोन मिनटात शेजारणीचं नाव घेऊन मोकळी झाले असते.

मी? मी होते की तिथंच. कुठं म्हंजे — मैदानात. अशी — बाजूला. कोणाच्या बाजूला काय विचारता, गर्दीत माणूस सगळ्यांच्याच बाजूला असतो. हा चहा कुठं अडकला म्हणायचा? भाऊ म्हंजे दूध काढण्यापासून सुरुवात करतात. तोंड सुकलं असेल तुमचं, हे घ्या, च्युइंगम घ्या, पुदिन्याचं हाय. घ्या हो, लाच नाय ती. ओढा जरा, घट्ट बसलंय पाकिटात —

अय्यो! लागलं? लागलं काय बोटाला? नाय हो, विंचू नाय, स्प्रिंग हाय ती, पाकिटातनं ओढलं की फटकन बोटावर बसते. ह्या समोरच्या टपरीवरच मिळतं. शिरा पडो माझ्या हातावर, मी घरातनं ठरवून आले होते हो, आज काय करायचं नाय, आज सरळ वागायचं, साहेब हत — पण समोर नवीन माणूस बसला की हात शिवशिवतो. फुंकर मारा. बघा, संपलं ना? कागद असता तर संपलं असतं? मी काय म्हणत होते ते हेच.

नाय, निधीकडं नाय असलं काय. म्हंजे आता नाय. हां — ते पहिल्या ठपक्यात लिहिलंय ना, गणिताच्या बाईंच्या पर्समध्ये झुरळ? ते रबराचं होतं साहेब, आणि ते माझं. म्हंजे मी तिला दिलं नाय, तिनं माझ्या पानाच्या डब्यातनं उचललं, पण माझ्या डब्यात होतं म्हंजे माझंच. आणि दुसरा ठपका, हजेरीच्या वेळी सर्वेशच्या आवाजात 'हजर' म्हणाली — आता तो काय गुन्हा झाला? सर्वेश तापानं पडला होता, त्याची हजेरी बुडू नये म्हणून. आणि आवाज काढते हुबेहूब, मी शिकवलंय. अहो, मी कोणाचापण काढते! तुमच्या खात्यातल्या बाईचा पण काढते — 'हॅलो, शिक्षण विभागातून बोलतेय, उद्या सकाळी साहेब तपासणीला येतायत, मुलींचे संडास बघणार आहेत, कडी नसेल तर मुख्याध्यापकांना जबाबदार धरण्यात येईल' — कसा वाटला? मॅडमनी 'होय मॅडम, होय मॅडम' करत फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही दारांना नव्या कोऱ्या कड्या! नळाला पाणी! दीड वर्षं मुली एकमेकींसाठी दार धरून उभ्या राहत होत्या, अर्ज करून करून श्वेताच्या बोटाला घट्टे पडले, आणि माझा एक फोन — फाईल कशाला उघडताय?

ते — ते मी गंमत म्हणून सांगितलं. तसं काय झालं नाय. तुम्ही खात्यातले हो काय? हां, खात्यातलेच. विसरलेच मी. बोलायला लागलं की विसरते मी समोर कोण हाय ते. तो फोन माझ्या बहिणीनं केला होता. बहीण वारली.

पेन कशाला काढलं? चहा येऊ दे की. मॅडमच्या चपला वाजतायत जिन्यात, येतायत त्या — काय लिहिताय? साहेब, काय लिहिताय ते मोठ्यानं वाचा जरा. 'कुमारी निधी नंदकुमार' — थांबा. थांब रे बाळा, थांब. खोडता येतं ना ते? अरे, तिचं नको लिहू. तिनं नाय केलं, मी सांगते ना. कोणी केलं ते मला काय ठाऊक — अरे, गर्दी होती, नारळ होता, चूक नारळाची हाय, नारळाला ठपका दे! मी सांगते ते लेखी मागतोस? नाव मागतोस? नाव दिल्याशिवाय तिसरा ठपका खोडता येत नाय?

हे बघ. माझ्या तोंडात दात किती दिसतायत? आ करते, बघ. खालचे दोन, बस. दात गेल्यापासून माझा आवाज असा बारीक झालाय. फोनवर लोक मला 'बेटा, मम्मी को दो' म्हणतात. आता डोळे मीट. मीट रे, स्प्रिंग नाय लावत, देवाशपथ. आणि ऐक — 'व्हय म्हाराजा!' — कोणाचा वाटला? सातवी ब मधल्या पोरीचा वाटला की नाय? हां. तर ती मी. तिच्या बाजूला उभी होते, अगदी खांद्याला खांदा लावून. ती मला म्हणाली पण, 'आजी, नको गो, नको गो,' तिला माझं तोंड बघूनच कळलं होतं. पण मॅडमनी 'असेल'वर दम घेतला ना! तिथं जागा रिकामी सोडली तर देवाचा अपमान होतो, मग तो देव असो नायतर सरकार. लिही. माणिक लिही. आडनाव नको — लिहायलाच पाहिजे? 'एक अनोळखी म्हातारी' लिहून नाय चालणार? श्वेताला कळेल रे. ती मला गावी धाडेल, गेल्या गणपतीपासून म्हणतेय. बरं, लिही, आडनाव पण लिही. आधी तिचं खोड पण. असं नाय, अजून. वाचता येतंय अजून. हां. आता झालं.

पुढं काय वाचतोयस? बाहेरच्या इसमानं शाळेच्या कामात अडथळा आणल्यास — मी इसम? बरं, इसम तर इसम — त्यास शाळेच्या आवारात व प्रवेशद्वाराजवळ येण्यास मनाई. किती दिवस? वर्ष संपेपर्यंत?

सोडायला-आणायला पण नाय? कट्ट्यावर पण नाय?

नाय, तसं काय नाय. पाणी नको. आणायला जाईल कोणीतरी तिला, शेजारची मनाली जाते तिच्या पोराला आणायला, ती आणेल. त्याचं नाय काय. तो कट्टा हाय ना, गेटच्या आत, पिंपळाखाली, तो सातवी ब च्या खिडकीला लागून हाय. मी लवकर येऊन बसते. सगळ्यांना वाटतं म्हातारीला काम नाय. काम कसं नाय? माझी पाचवी तिथंच झाली. निधी पाचवीत होती तेव्हा पाचवीची खिडकी, सहावीत गेली तेव्हा मी पण सरकले. सातवीचा भूगोल अर्धा झालाय माझा. वारे चालू हत सध्या. समुद्रावरनं जमिनीकडं येतात ते कुठले आणि जमिनीवरनं समुद्राकडं जातात ते कुठले — आमचे मामा मासे मारायला जायचे, त्यांना हे न शिकता ठाऊक होतं, पण त्याला नाव असतं ते मला आत्ता कळलं. पुढं काय हाय ते राहिलं. — जाऊ दे. तिला माहुलला धाडण्यापेक्षा हे बरं. एका घरात एकीनं तरी सरळ शिकावं. लिही तू.

एक विचारू? 'प्रवेशद्वाराजवळ' लिहिलंय ना? जवळ म्हंजे किती जवळ? आकडा टाकलाय काय कुठं? नीट बघ, मागच्या पानावर बघ, बारीक अक्षरात असेल. नाय? कुठंच नाय? अरे मेल्यांनो, एवढा मोठा कायदा केलात, शाल पांघरलीत, आणि किती लांब ते लिहायला विसरलात? मग रस्त्याच्या पलीकडं, शिवदासची वडापावची गाडी हाय, तिथं स्टूल टाकून बसले तर? ते काय जवळ नाय. मधनं बस जाते. बघ, तुला पण पटलं, मान हलवलीस तू, मी बघितलं. आणि भूगोलाच्या बाईंचा आवाज असा खणखणीत हाय, शिवदास म्हणतो त्याला मिरच्या तळताना पण ऐकू येतो.

आलीस गो? ये. मॅडम, बसा तुम्ही, गुडघे जपा, खुर्चीचा पाय बघून बसा. काय नाय झालं गो निधी, रडतेस काय, माहुल-बिहुल काय नाय. साहेबांनी खोडलंय, मी बघितलं खोडताना. साहेब चांगले हत, फक्त बोट सुजलंय त्यांचं. नाय, मी काय नाय केलं. माझ्याकडं तसं बघू नको. जा, वर्गात जा, तास चालू हाय ना तुझा? जा म्हणते ना — आणि ऐक, रस्त्याकडची खिडकी उघडी ठेव.